किनारपट्टीच्या हवामानात जोडकेसांची निगा

जोडकेस म्हणजे स्वतःच्या केसांची लांबी किंवा घनता वाढविण्यासाठी त्यांना काही तासांपुरते अथवा काही महिन्यांसाठी जोडलेले मानवी किंवा कृत्रिम केस होत. व्यवहारात त्यांना ‘हेअर एक्स्टेन्शन’ असे म्हटले जाते. वेणी लांब किंवा अंबाडा मोठा दिसावा म्हणून त्यात गुंफल्या जाणाऱ्या केसांना मराठीत ‘गंगावन’ हा जुना शब्द आहे. प्रस्तुत लेखात या सर्वांसाठी ‘जोडकेस’ हा शब्द वापरला आहे.

मुंबई, कोकण आणि गोवा या किनारपट्टीच्या उष्ण व दमट हवामानात जोडकेसांची निगा कोरड्या प्रदेशातील निगेपेक्षा वेगळी असते. कोरड्या प्रदेशात केस रुक्ष होऊ न देणे ही मुख्य चिंता असते, तर किनाऱ्यावर ओलावा साचून न देणे हे मुख्य काम ठरते. ओलसर राहिलेली जोडणी सैल होते, केसांत गुंता व दुर्गंधी निर्माण होते आणि डोक्याच्या त्वचेवर बुरशीजन्य विकारांना अनुकूल परिस्थिती तयार होते. जोडकेस खराब झाले तर ते बदलता येतात. परंतु चुकीच्या वापराने मुळाला झालेली इजा कायमची ठरू शकते. म्हणून जोडकेसांच्या निगेत डोक्याच्या त्वचेची आणि मूळच्या केसांची निगा प्रथम येते.

## संज्ञा आणि पार्श्वभूमी

महाराष्ट्रात गंगावनाचा वापर नित्याच्या वेणीफणीत, लग्नसमारंभांत आणि रंगभूमीवर होत आला आहे. दक्षिण कोकण व गोव्यातील दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष कलावंत करतात. त्यांच्या वेशभूषेत केसांचे टोप आणि गंगावने आवश्यक असतात. लावणी आणि भरतनाट्यम् या नृत्यप्रकारांतही लांब वेणीसाठी जोडकेस वापरले जातात.

मानवी केसांच्या जागतिक व्यापारात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याचे दोन मुख्य स्रोत आहेत. पहिला स्रोत म्हणजे देवस्थानांत नवस फेडताना अर्पण केलेले केस. आंध्र प्रदेशातील तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थानातर्फे लिलाव होतो. दुसरा स्रोत म्हणजे विंचरताना गळलेले केस. गावोगाव फिरणारे फेरीवाले असे केस फुगे, भांडी किंवा इतर किरकोळ वस्तूंच्या बदल्यात गोळा करतात. या केसांचा गुंता सोडवून त्यांची प्रतवारी करण्याचे काम कर्नाटकातील कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावांत चालते. केस कोणत्या स्रोतातून आले, यावर त्यांचा टिकाऊपणा आणि त्यांना लागणारी निगा अवलंबून असते.

## केसांचे प्रकार

एकदिश मानवी केस : केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांची टोके मुळाकडून शेंड्याकडे वळलेली असतात. एकाच डोक्यावरून कापून बांधलेल्या केसांत सर्व खवल्यांची दिशा एकच राहते, त्यामुळे ते एकमेकांत अडकत नाहीत. बाजारात अशा केसांना ‘रेमी’ म्हणतात.

मिश्र दिशेचे मानवी केस : गळलेल्या केसांच्या गुंत्यात मुळे आणि शेंडे एकत्र मिसळलेले असतात. उलटसुलट खवले एकमेकांत अडकू नयेत म्हणून हे केस बहुधा रसायनांत बुडवून त्यांचे खवले काढून टाकले जातात आणि त्यावर सिलिकोनचा थर चढविला जातो. नवे असताना ते तुळतुळीत दिसतात. परंतु काही धुण्यांनंतर हा थर निघून जातो. संरक्षक खवले नसल्यामुळे दमट हवेत हे केस लवकर फुगतात आणि गुंततात.

कृत्रिम केस : हे मोडॅक्रिलिक, पॉलिएस्टर, पीव्हीसी अशा तंतूंपासून बनवितात. ते मानवी केसांच्या तुलनेत फारच कमी पाणी शोषतात, म्हणून दमट हवेत त्यांचा आकार फारसा बिघडत नाही. मात्र त्यांच्यातील बरेच तंतू उष्णतेने मऊ पडतात किंवा वितळतात आणि कपड्याशी घर्षण होऊन त्यांची टोके विसकटतात.

## जोडणीच्या पद्धती

जोडणीच्या पद्धती दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात रोज काढता-घालता येणारे प्रकार येतात. उदाहरणार्थ, चापांनी बसविलेल्या पट्ट्या, पोनीला बांधायचे केस आणि गंगावन. दुसऱ्या गटात काही आठवडे डोक्यावरच राहणारे प्रकार येतात. त्यांत चिकटपट्टीने जोडलेले, बारीक घट्ट वेण्यांवर शिवलेले, धातूच्या सूक्ष्म कड्यांनी आवळलेले आणि उष्णतेने वितळविलेल्या चिकट बंधाने जोडलेले केस हे मुख्य होत. शेवटच्या प्रकाराला व्यवहारात ‘केराटिन बंध’ म्हणतात.

उष्ण व दमट हवामानात पहिला गट अधिक सुरक्षित मानता येतो, कारण रात्री केस काढून ठेवता येतात आणि डोक्याची त्वचा रोज मोकळी होते. शिवलेल्या प्रकारात आतल्या वेण्या वाळण्यास सर्वांत जास्त वेळ लागतो. चिकटपट्टीच्या प्रकारात घाम व तेल यांमुळे चिकटपणा कमी होतो आणि पट्टी घसरू लागते.

## हवामानाचा केसांवर होणारा परिणाम

### आर्द्रता

एप्रिल-मे महिन्यांत पुणे किंवा सोलापूर येथील दुपारची हवा कोरडी असते. त्याच काळात मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले किंवा पणजी येथे हवेत भरपूर बाष्प असते. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर राहते.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि तो हवेतील बाष्प शोषून घेतो. पूर्ण कोरडा केस पाण्याने संपृक्त होईपर्यंत आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. त्याची लांबी साधारण २ टक्के वाढते, तर जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. केसाचा हा गुण इतका नियमित आहे की जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ होरेस-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी मानवी केसाचा उपयोग करून हवेतील आर्द्रता मोजणारे उपकरण तयार केले आणि १७८३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

केसाचा सरळपणा किंवा कुरळेपणा अंशतः केराटिनच्या साखळ्यांमधील हायड्रोजन बंधांमुळे टिकतो. ओलाव्याने हे बंध तुटतात आणि केस वाळताना नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणूनच इस्त्रीने सरळ केलेले केस दमट हवेत पुन्हा फुलारतात.

जिवंत त्वचेतून उगवलेल्या केसाला मुळाशी असलेल्या ग्रंथींमधून तेल मिळत राहते. जोडकेसाला असा पुरवठा नसतो. शिवाय रंग काढणे, रंग देणे अशा प्रक्रियांमुळे केसाच्या पृष्ठभागावरील १८-मिथाइल आयकोसनॉइक आम्लाचा नैसर्गिक स्निग्ध थर नाहीसा होतो. हा थर पाण्याला दूर ठेवतो. तो गेल्यावर केस सहज ओला होतो, फुगतो आणि शेजारच्या केसाला चिकटतो. त्यामुळे एकाच डोक्यावरचे मूळ केस आणि जोडकेस दमट हवेत वेगवेगळे वागतात आणि जोडणी उघडपणे दिसू लागते.

### मीठ आणि घाम

पावसाळ्यात कोकणातील घरांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेते व विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यातील मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्यामुळे ते याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरते. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रस्नानानंतर केस गोड्या पाण्याने न धुता वाळू दिले तर हे क्षार केसांवर आणि जोडणीच्या बेचक्यांत राहतात. दुपारी कोरडे वाटलेले केस संध्याकाळी पुन्हा दमट लागतात, ते यामुळे. घामातही मीठ असते. म्हणून समुद्रात न उतरणाऱ्या व्यक्तीच्याही बाबतीत हीच क्रिया संथपणे घडते.

### ऊन आणि पाणी

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे केसातील रंगद्रव्य व प्रथिने यांचे विघटन होते. रंगविलेले जोडकेस त्यामुळे लवकर फिके पडतात. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी मचूळ किंवा जड असते. अशा पाण्यात साबण वापरल्यास त्याचा न विरघळणारा साका केसांवर बसतो आणि केस निस्तेज व राठ होतात.

## नित्य निगा

### विंचरणे

जोडकेस दिवसातून किमान दोन वेळा, सकाळी व रात्री, विरळ दातांच्या कंगव्याने विंचरावेत. विंचरण्याची सुरुवात शेंड्यापासून करावी आणि टप्प्याटप्प्याने वर जावे. विंचरताना दुसऱ्या हाताने जोडणीच्या खाली केस धरून ठेवावेत, म्हणजे ओढ मुळांवर येत नाही. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो. म्हणून गुंता धुण्यापूर्वी, केस कोरडे असतानाच सोडवावा. दोन शेजारच्या जोडण्यांमध्ये अडकलेले केस बोटांनी रोज वेगळे करावेत. हे काम आठवडाभर राहून गेले तर मुळाशी जट तयार होते आणि ती कापण्यावाचून उपाय उरत नाही.

### धुणे

डोक्यावर कायम राहणारे जोडकेस असतील तर किनारपट्टीच्या हवामानात डोक्याची त्वचा आठवड्यातून साधारण दोनदा धुणे योग्य ठरते. घाम अधिक येत असल्यास हे प्रमाण वाढवावे. रोज काढता येणारे केस मात्र इतक्या वेळा धुण्याची गरज नसते. ते १० ते १५ वेळा वापरल्यावर किंवा घाम व धूळ बसल्याचे जाणवल्यावर धुवावेत.

धुताना पुढील क्रम उपयोगी पडतो :

- केस सुटे करून सरळ खाली सोडावेत. डोके पुढे वाकवून किंवा केस डोक्यावर गोळा करून चोळू नयेत.
- सौम्य शांपू पाण्यात मिसळून पातळ करावा व बोटांच्या टोकांनी जोडण्यांच्या मधल्या त्वचेला लावावा.
- लांबीवर शांपू वेगळा घासण्याची गरज नसते. वरून ओघळणारा फेस पुरेसा असतो.
- कंडिशनर मध्यापासून शेंड्यापर्यंतच लावावा. जोडणीला लागल्यास चिकटपट्टी व बंध सैल होतात.
- फेस पूर्ण निघेपर्यंत, जोडण्यांच्या रांगा उचलून, भरपूर पाण्याने धुवावे.

शिकेकाई व रिठा हे पारंपरिक पदार्थ मानवी गंगावनासाठी वापरता येतात. मात्र त्यांची पूड थेट लावू नये. पुडीचे कण शिवणीत आणि जोडण्यांत अडकतात व तेथे ओलावा धरतात. पूड पाण्यात उकळून, तो काढा दाट फडक्यातून गाळून वापरावा. अंगाचा साबण आणि कपड्यांचा साबण अल्कधर्मी असतात. त्यांनी केसांचे खवले उघडे पडतात, म्हणून ते टाळावेत.

### वाळविणे

किनारपट्टीवरील निगेतील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. कोरड्या प्रदेशात केस तासाभरात आपोआप वाळतात; पावसाळ्यातील कोकणात दाट जोडकेसांची मुळे सहा-सात तासांनीही ओलसर सापडू शकतात.

केस पिळू किंवा झटकू नयेत. जुन्या, मऊ सुती पंचाने ते दाबून पाणी टिपावे आणि पंचा ओला होताच दुसरा घ्यावा. त्यानंतर हेअर ड्रायरची थंड किंवा कोमट हवा प्रथम मुळांवर व जोडण्यांवर सोडावी आणि मग लांबीवर यावे. गरम हवा चिकट बंधांवर धरू नये. उष्णतेने बसविलेला बंध उष्णतेनेच मऊ पडतो. ड्रायर नसल्यास पंख्याखाली बसून बोटांनी जोडण्यांच्या रांगा उचलून धराव्यात. लांबीवरचे केस लवकर वाळतात, त्यामुळे तेवढ्यावरून अंदाज करू नये. मागच्या बाजूला, मानेच्या वर, जोडणीच्या खाली बोट घालून पाहावे. तेथे गार लागत असेल तर ओलावा शिल्लक आहे असे समजावे.

ओल्या केसांची वेणी किंवा अंबाडा घालू नये आणि ओल्या केसांनी झोपू नये. रात्री डोके धुण्यापेक्षा सकाळी किंवा दुपारी धुणे सोयीचे असते.

### तेल

खोबरेल तेल केसाच्या अंतर्भागात शिरू शकते आणि धुण्याने होणारी प्रथिनांची हानी कमी करते. मानवी जोडकेसांना त्याचा उपयोग होतो, पण प्रमाण व जागा महत्त्वाची आहे. धुण्यापूर्वी तासभर, दोन-चार थेंब तळहातावर पसरून, फक्त शेंड्यांकडील अर्ध्या लांबीला लावावे. मुळाशी तेल घातल्यास चिकटपट्टी सुटते, केराटिन बंध निसटतो आणि कड्या घसरतात. तेलकट केसांवर दमट हवेत धूळ लवकर बसते व जुन्या तेलाला खवट वास येतो, म्हणून तेल लावून केस दिवसेंदिवस तसेच ठेवू नयेत. कृत्रिम केसांना तेल लावून काही लाभ होत नाही.

### झोप आणि केशरचना

काढता येणारे जोडकेस झोपण्यापूर्वी काढावेत. कायम जोडलेले केस असतील तर एक किंवा दोन सैल वेण्या घालून झोपावे. सॅटिन किंवा रेशमी अभ्र्यावर घर्षण कमी होते. गजरा माळल्यास तो समारंभानंतर काढून ठेवावा. फुलांतील पाणी अंबाड्याच्या आत अडकते आणि कुजलेल्या पाकळ्या जोडण्यांत गुंततात.

लग्नासाठी चिकटपट्टीचे जोडकेस लावायचे असतील तर हळदीचा विचार आधी करावा. नवीन चिकटपट्टीला पक्की बसण्यासाठी साधारण ४८ तास पाणी, घाम व तेल यांपासून दूर ठेवावे लागते. हळदीच्या विधीत तेल व पाणी दोन्ही येतात आणि फिकट रंगाच्या केसांवर हळदीचा डाग चढतो. म्हणून हळदीनंतर डोके धुऊन, पूर्ण वाळवून, लग्नाच्या दिवशी चापांचे केस किंवा गंगावन वापरणे अधिक सोयीचे असते.

## समुद्रस्नान, पोहणे आणि पावसाळा

समुद्रात किंवा तलावात उतरण्यापूर्वी काढता येणारे केस काढून ठेवावेत. कायम जोडलेले केस असल्यास ते आधी गोड्या पाण्याने भिजवावेत, लांबीला थोडा कंडिशनर लावावा आणि घट्ट नसलेली वेणी घालावी. आधीच गोडे पाणी शोषलेला केस खारे किंवा क्लोरिनयुक्त पाणी कमी शोषतो. पाण्यातून बाहेर आल्यावर विलंब न करता गोड्या पाण्याने केस धुवावेत. पोहण्याच्या तलावातील पाण्यात तांब्याचे अंश असल्यास फिकट केसांवर हिरवट झाक येते. पोहण्याची टोपी वापरल्यास ही झाक आणि क्लोरिनचा परिणाम दोन्ही कमी होतात.

पावसात भिजल्यावर घरी पोहोचताच केस सोडून टिपून घ्यावेत. हेल्मेट, रेनकोटची टोपी किंवा ओढणी यांखाली ओले केस तासन्‌तास दाबून राहिल्यास मुळांशी उष्ण व ओलसर पोकळी तयार होते. रोज दुचाकीने किंवा गर्दीच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात शिवलेले जोडकेस टाळून काढता येणारे वापरावेत, हे अधिक हितावह होय.

## साठवण

काढून ठेवलेले मानवी केस दमट हवेत ओलावा शोषत राहतात. साठविण्यापूर्वी ते धुऊन पूर्ण वाळवावेत, विंचरून सैल वेणी घालावी आणि सुती अथवा सॅटिनच्या पिशवीत ठेवावेत. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत किंचितही ओलसर केस ठेवल्यास आत बुरशी धरते. हवाबंद डबा वापरायचा असल्यास त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात किंवा वाळवाव्यात.

लोकर व रेशीम कुरतडणारी कसर केराटिनवर जगते, त्यामुळे ती मानवी केसांनाही लागू शकते. पावसाळ्यात दशावताराचे खेळ थांबलेले असतात आणि वेशभूषेचे सामान पेटाऱ्यांत बंद असते. अशा काळात उघडीप मिळताच केस बाहेर काढून सावलीत हवेशीर जागी टांगणे हा सोपा व प्रभावी उपाय आहे. कडक उन्हात ते ठेवू नयेत, कारण रंग उडतो.

## जोडणीची मुदत

डोक्यावरील केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. जोडणी त्याबरोबर मुळापासून दूर सरकते. दोन महिन्यांनी ती सुमारे २ सेंटिमीटर खाली आलेली असते, मुळाभोवती पिळते आणि विंचरताना अधिक ओढ देते. म्हणून चिकटपट्टीचे व शिवलेले केस साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, तर केराटिन बंधाचे केस ३ ते ४ महिन्यांच्या आत काढावेत. दमट हवामानात ही मुदत शक्यतो अलीकडेच ठेवावी. दोन जोडण्यांच्या मध्ये काही आठवडे डोके मोकळे ठेवणे चांगले. काढताना त्या-त्या चिकट पदार्थासाठी असलेले द्रावण वापरावे. जोडणी ओढून काढू नये.

माणसाच्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस नैसर्गिकपणे गळतात. जोडणीत धरलेले गळके केस खाली न पडता तेथेच अडकून राहतात. त्यामुळे दोन महिन्यांनी जोडकेस काढताना केसांचा मोठा पुंजका हाती येतो आणि वापरणारी व्यक्ती घाबरते. या केसांच्या एका टोकाला पांढरट गाठ असेल आणि त्यांची लांबी पूर्ण असेल तर ते बहुतांशी नैसर्गिक गळतीचे असतात. गाठ नसलेले, आखूड, मध्येच तुटलेले केस अधिक असतील तर जोडणी जड किंवा घट्ट होती, असा त्याचा अर्थ होतो.

## आरोग्यविषयक धोके

कर्षणजन्य केशपात : केसांवर सतत ओढ पडल्याने होणारी ही केसगळती आहे. पूर्ण डोक्याच्या संचाचे वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम असते आणि ओले झाल्यावर ते आणखी वाढते. कपाळाची कड, कानशिले आणि जोडणीच्या रेषा येथे केस विरळ होणे, मुळांशी दुखणे, बारीक पुरळ येणे ही प्रारंभीची लक्षणे होत. या टप्प्यावर ओढ थांबविल्यास केस पुन्हा येतात. ओढ महिनोन्‌महिने चालू राहिल्यास केशमुळांच्या जागी व्रणऊतक तयार होते आणि तेथे केस पुन्हा उगवत नाहीत. जोडणीनंतर पहिले एक-दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे, ही समजूत चुकीची आहे. दुखणे हे जोडणी जास्त घट्ट असल्याचे चिन्ह आहे.

बुरशीजन्य विकार : डोक्याच्या त्वचेवर वास करणारी मॅलॅसेझिया ही यीस्टवर्गीय बुरशी त्वचेतील तेलावर वाढते व कोंड्याशी संबंधित आहे. उष्ण-दमट हवामानात ‘पिएड्रा’ हा केसाच्या दांड्यावर बारीक गाठी निर्माण करणारा बुरशीसंसर्गही आढळतो. ओले केस बांधून ठेवण्याची सवय त्याला पोषक मानली जाते. सतत खाज, ओलसर खपल्या, दुर्गंधी किंवा केसांवर हाताला लागणाऱ्या कणीदार गाठी दिसल्यास जोडकेस काढून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जोडकेस एकमेकींचे वापरू नयेत.

ऍलर्जी : जोडणीसाठी वापरलेल्या चिकट पदार्थांतील लॅटेक्स किंवा सायनोॲक्रिलेट काही व्यक्तींना सोसत नाही. लालसरपणा, सूज, पाणी येणे ही लक्षणे दिसल्यास घामोळे समजून थांबू नये.

आजारानंतरची केसगळती : डेंग्यू, विषमज्वर यांसारखे तीव्र ताप, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळू शकतात. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. थायरॉइडचे विकार व रक्तक्षय यांमुळेही केस विरळ होतात. अशा काळात विरळपणा झाकण्यासाठी जड जोडकेस लावल्यास अशक्त मुळांवर ओढ पडते आणि मूळ आजाराचे निदान लांबते. कारण न कळलेल्या केसगळतीत प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. तोपर्यंत केसांना न ओढणारा हलका टोप किंवा रुमाल हा पर्याय अधिक सुरक्षित असतो.

इतर सावधगिरी : सूक्ष्म कड्या व चाप धातूचे असल्यामुळे एमआरआय तपासणीपूर्वी त्यांची माहिती तंत्रज्ञांना द्यावी आणि शक्य असल्यास ते आधी काढावेत. कृत्रिम तंतू आचेजवळ वितळून त्वचेला चिकटू शकतात. शेगडी, समई आणि दिवाळीतील फटाके यांच्याजवळ लांब जोडकेस बांधून ठेवावेत.

## प्रचलित समजुती

जोडकेस कमी धुतले तर जास्त टिकतात, असे सांगितले जाते. कोरड्या प्रदेशात आणि काढता येणाऱ्या केसांबाबत ते काही अंशी खरे आहे. किनाऱ्यावर डोक्यावर कायम असलेल्या केसांना ते लागू पडत नाही, कारण साचलेला घाम व मीठ यांनी जोडणी आणि त्वचा दोन्ही बिघडतात.

महाग मानवी केस सर्व हवामानांत कृत्रिम केसांपेक्षा श्रेष्ठ असतात, हीदेखील अपुरी समजूत आहे. एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी, विशेषतः पावसाळ्यात, चांगल्या प्रतीचे कृत्रिम गंगावन अधिक उपयुक्त ठरते. ते ओलाव्याने फुलत नाही, लवकर वाळते आणि कार्यक्रम संपताच काढून ठेवता येते.

## हे सुद्धा पहा

- केस
- केराटिन
- सापेक्ष आर्द्रता
- दशावतार
- शिकेकाई